दक्षिणा आणि स्कॉलरशिप



कॉलेजात गेलेल्या आपल्या प्रत्येक पोरानं एक शिवी ऐकलेली असते. ‘सरकारचे जावई.’ ती ऑफिसच्या खिडकीशी मिळते, मेसमध्ये मिळते, कधी मास्तरच हसत हसत देतो. पोरगं मान खाली घालतं. फॉर्मला टाचलेला जातीचा दाखला कुणाला दिसू नये म्हणून कागद उलटा करून धरतं. हा लेख मी त्या खाली घातलेल्या मानेसाठी लिहितो आहे.

शिवीला शिवीनं उत्तर देता येतं आणि प्रसंगी द्यावंही. पण शिवी देणाऱ्याला आपण एक प्रश्न विचारला तर त्याची जास्त पंचाईत होते. बाबा रे, या मुलखात सरकारी तिजोरीतून विद्येसाठी पैसा पहिल्यांदा कुणी घेतला? किती वर्षं घेतला? आणि तो पैसा कुणाच्या घामाचा होता? चला, हिशोबाला बसू.

श्रावण आला की पुण्यात पर्वतीच्या पायथ्याला रमण्यात देशभरचे ब्राह्मण जमायचे. तळेगावच्या सेनापती दाभाड्यांनी दक्षिणा वाटायची चाल पाडली, पुढे पेशव्यांनी ती पुण्याला आणली. विद्वानाला जास्त, नुसत्या जानव्याला कमी, पण रिकाम्या हातानं कुणी परत जात नसे. रक्कम लाखांत जायची. हा पैसा आभाळातून पडत नव्हता. कुणब्याच्या शेतसाऱ्यातून, बलुतेदारांच्या मेहनतीतून तो तिजोरीत यायचा. गावाचा सारा तालुक्याला पोचवताना सोबत महार चालायचा. खजिना राखायला तो चालत होता, पण वाटपाच्या वेळी रमण्याच्या दाराशी उभं राहायची त्याला सोय नव्हती.

१८१८ साली पेशवाई बुडाली. दक्षिणा मात्र बुडाली नाही. एल्फिन्स्टननं ती वर्षाला पन्नास हजारांवर आणून चालूच ठेवली. नव्या राज्यात पुण्याचे शास्त्री-पंडित बिथरू नयेत, हा त्यातला साधा हिशोब होता. १८२१ साली याच दक्षिणेच्या पैशातून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिथं शिकायला बसणाऱ्या ब्राह्मण पोरांना सरकार दरमहा पैसे देत असे. म्हणजे शिकणाऱ्या पोराला सरकारनं हातखर्चाला पैसे द्यायचे ही रीत आपल्यापासून सुरू झाली नाही. पुढं १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी झाली. चांगल्या मराठी पुस्तकांना बक्षीस देणं हे तिचं काम. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून तिच्याकडे पाठवलं. भटजी अडाणी शेतकऱ्याला कसा लुबाडतो हे त्या नाटकात होतं. कमिटीतल्या भट सभासदांपुढं ते टिकलं नाही, परत आलं. आणखी काही वर्षांनी त्याच निधीतून कॉलेजात दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते, डॉ. भांडारकर दक्षिणा फेलो होते.

हे मी कुणाची विद्वत्ता खोटी ठरवायला सांगत नाही. माणसं मोठी होती, त्यांनी कामंही मोठी केली. मला एवढंच दाखवायचं आहे की सरकारी पैशावर शिकल्याबद्दल त्यांना कुणी जावई म्हटलं नाही. त्यांचा सत्कार झाला. तिजोरी तीच. खिडकीशी उभा राहणारा बदलला, तेव्हा शब्द बदलला.

आता दुसरं पान उघडू. १८५६ सालच्या जून महिन्यात धारवाडच्या एका महार पोरानं मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारी शाळेत मला घ्या, एवढीच मागणी. ती शाळा सरकारी पैशावर चालत होती. त्याच साली जुलैत सरकारनं उत्तर दिलं. उत्तर मासलेवाईक होतं. न्याय या अर्जदाराच्या बाजूनं आहे हे सरकारनं कबूल केलं, पण एका माणसासाठी पिढ्यांचे ग्रह मोडायला गेलं तर शिक्षणाच्या कामाचंच नुकसान होईल, असं म्हणून अर्ज फेटाळला. न्याय तुझा, शाळा त्यांची!

पण कागद तिथं थांबला नाही. तो कलकत्त्याला गेला. हिंदुस्थान सरकारनं १८५७च्या जानेवारीत कळवलं की बंगालच्या सरकारी शाळेत या पोराला नकार मिळाला नसता. कागद विलायतेला गेला. १८५८च्या एप्रिलात कंपनीच्या डायरेक्टरांनी निकाल दिला की सरकारी शाळा सर्व वर्गांच्या प्रजेसाठी आहेत, या तत्त्वापासून हटता येणार नाही. पोरांनो, तारखा ध्यानात घ्या. शाळेचं दार कागदावर उघडायला पावणेदोन वर्षं लागली आणि ते एका पोराच्या अर्जानं उघडलं. फौज नव्हती, पुढारी नव्हता. एक कागद होता.

कागदावर उघडलेलं दार गावात उघडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपली पोरं ओसरीत, उकिरड्याकडेला, गोणपाटावर बसून शिकली. बाबासाहेबही साताऱ्याच्या शाळेत असेच वेगळे बसले.

तिसरं पान जोतीरावांचं. १८८२ साली हंटर कमिशनपुढं त्यांनी निवेदन दिलं. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी ते एकदा मुळातून वाचावं. साऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड शेतकऱ्याकडून घेतला जातो, त्यातला भाग शिक्षणाला म्हणून ठेवला जातो, आणि तो पैसा वरच्या वर्गांच्या पोरांवर खर्च होतो, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा म्हणाले. आणि स्कॉलरशिपबद्दल ते जे बोलले ते आज मेरिटच्या नावानं गळा काढणाऱ्यांना ऐकवण्यासारखं आहे. चढाओढीनं स्कॉलरशिप देणं दिसायला न्याय्य असलं तरी त्यानं ज्या वर्गांत विद्या आधीच पोचली त्यांचंच भलं होतं, म्हणून जिथं विद्या पोचलीच नाही त्या वर्गांसाठी काही स्कॉलरशिपा वेगळ्या काढा, ही त्यांची मागणी. शंभर वर्षांपूर्वीपासून आपला मुद्दा हाच आहे. नवीन काही नाही.

इंग्रज सरकारनं ते लगेच ऐकलं नाही. ऐकलं ते दोन संस्थानिकांनी. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांना राखल्या, जातीजातींची बोर्डिंगं काढली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सगळी पोरं एका शाळेत घातली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी एका महार विद्यार्थ्याला बी. ए.साठी महिना पंचवीस रुपये दिले आणि १९१३ साली अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या विद्यार्थ्याकडून करारही लिहून घेतला की परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करीन.

तो विद्यार्थी म्हणजे बाबासाहेब. आता पाहा, सरकारी स्कॉलरशिपवर गेलेल्या या पोरानं तिथं काय शिकलं? त्यानं तिजोरीच शिकून घेतली. ब्रिटिश हिंदुस्थानात इलाख्यांचं उत्पन्न आणि खर्च यांची वाटणी कशी होत गेली यावर प्रबंध लिहिला. १९२५ साली त्याचं पुस्तक झालं, ते त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केलं. आणि १९१६ सालच्या मे महिन्यात जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. पैसा कुठून येतो, कुणावर जातो आणि कोण वाटतो, हे समजून घेतलेला पहिला अस्पृश्य पदवीधर असा परत आला. बडोद्यात त्याला राहायला खोली मिळाली नाही, तो भाग तुम्हाला पाठ आहे.

चौथं पान मुंबई कौन्सिलचं. १९२३च्या ऑगस्टात सीताराम केशव बोले यांनी ठराव पास करून घेतला. सार्वजनिक पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. या ठरावाची सगळी ताकद ‘सार्वजनिक पैसा’ या दोन शब्दांत आहे. ठराव दया मागत नव्हता. ज्या वस्तूत आमचा पैसा आहे ती आम्ही वापरणार, एवढाच दावा होता. १२ मार्च १९२७ला बाबासाहेब कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. दर माणशी शिक्षणावर सरकार चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून दर माणशी दोन रुपयांहून जास्त गोळा करतं. निदान जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला, हा त्यांचा हिशोब होता. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, महाडला चवदार तळ्यावर ओंजळ भरली गेली. तळंही नगरपालिकेचंच, बोले ठरावाच्या आधारानं तिनं खुलं केलेलं. कौन्सिलातला आकडा आणि तळ्यातली ओंजळ एकाच भांडणाचे दोन भाग होते. आपल्या मोर्चांत आज ओंजळ दिसते, आकडा कमी दिसतो.

त्याच वर्षांत वसतिगृहं उभी राहिली. बहिष्कृत हितकारिणी सभेचं वसतिगृह १९२५ साली सोलापुरात निघालं. १९२८ साली बाबासाहेबांनी दलित वर्ग शिक्षण संस्था काढली आणि सरकारनं मंजूर केलेली पाच वसतिगृहं तिच्याकडे आली. त्यातलं एक धारवाडला! ज्या गावात बहात्तर वर्षांपूर्वी एका महार पोराला शाळेच्या पायरीवरून परत धाडलं, तिथं आता आपली पोरं सरकारी अनुदानावर राहून हायस्कूल शिकायला लागली. अनुदान पुरेसं नव्हतं, वरचे पैसे वर्गणीतून उभे करावे लागत. १९२८ सालीच स्टार्ट कमिटी नेमली गेली. बाबासाहेब आणि डॉ. सोळंकी तिच्यावर होते. १९३०च्या तिच्या अहवालातून स्कॉलरशिपा, वसतिगृहं आणि मागासवर्गांसाठी वेगळं सरकारी खातं, ही चौकट आली. आजच्या समाजकल्याण खात्याची मुळं शोधायला गेलात तर तिथं पोचाल.

पाचवं पान १९४२चं. इथं शिक्षणाच्या जोडीला धंद्याचं प्रशिक्षण येतं, म्हणून जरा थांबून वाचा. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं ढिगानं होती, पण साचेखात्यात नव्हती. तिथं मजुरी जास्त. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो, महाराच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही कसा धरावा, हे कारण. १९२८च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढंही हा प्रश्न काढला होता. रेल्वेतही आपला माणूस गँगमन म्हणून उन्हात रुळावर, वर्कशॉपात क्वचित. म्हणजे नुसत्या पदवीनं भागणार नव्हतं. हातात कसब हवं होतं आणि कसबाच्या दाराशीही जात बसली होती.

१९४२च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले. ऑक्टोबर अखेरीस त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यातला शिक्षणाचा भाग सरळ पैशाचा आहे. विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांच्या स्कॉलरशिपांना वर्षाला दोन लाख, परदेशी शिक्षणाला एक लाख. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत आमची पोरं उमेदवार म्हणून घ्या. आणि हा तीन लाखांचा आकडा कशावरून? बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला हिंदुस्थान सरकार प्रत्येकी तीन लाख देतं. मग आमच्या वाट्याचे तीन लाख कुठं आहेत? हिशोब मागायची ही तऱ्हा आहे. हात पसरलेला नाही, वही उघडलेली आहे.

सरकारला पैसे द्यावे लागले. १९४४-४५ साली मॅट्रिकोत्तर स्कॉलरशिप सुरू झाली. पहिल्या वर्षी ११४ विद्यार्थ्यांना मिळाली. १९४८-४९ला आदिवासी विद्यार्थ्यांना त्यात घेतलं. आज तुमच्या खात्यावर ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणून जे जमा होतं त्याची जन्मकुंडली ही. स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजनेखाली आयटीआय निघाल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि १९७३च्या दुरुस्तीनं त्यात आपल्या जागा राखल्या गेल्या. छापखान्यात आणि वर्कशॉपात उमेदवार घ्या, ही मागणी कायद्यात यायला एकतीस वर्षं लागली.

मिळालेलं हातातून जातं कसं, तेही पाहून ठेवा. १४ ऑक्टोबर १९५६ला आपण बुद्धाला शरण गेलो. यादीत हिंदू आणि शीख एवढ्यांनाच जागा होती, म्हणून बौद्ध झालेला महार केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीचा उरला नाही. गावकीनं त्याला वाळीत टाकायचं सोडलं नव्हतं, पण सरकारनं सवलत सोडवून घेतली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा राज्यानं आपल्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राची यादी सुधारायला १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं! एका पिढीनं धम्म घेतला त्याची किंमत तिच्या पोरांनी फीच्या पावतीवर भरली. तरी कुणी मागं फिरलं नाही, हेही इतिहासात लिहा.

आता आजचं. मॅट्रिकोत्तर स्कॉलरशिपच्या पैशाची जुनी रीत अशी होती की पंचवार्षिक योजना संपली की तिच्या शेवटच्या वर्षाइतका खर्च कायमचा राज्याच्या गळ्यात पडायचा, आणि त्याच्यावरचा फरक तेवढा केंद्र द्यायचं. दर पाच वर्षांनी राज्याचा बोजा वाढायचा, केंद्राचा हात आखडायचा. दोघांच्या भांडणात पोराचं वर्ष जायचं. बऱ्याच ओरड्यानंतर डिसेंबर २०२०मध्ये केंद्र मंत्रिमंडळानं साठ टक्के केंद्र, चाळीस टक्के राज्य अशी वाटणी ठरवली. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना, चार कोटींवर विद्यार्थी, पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. ११४पासून चार कोटींपर्यंत. आकडा मोठा आहे, अभिमान वाटावा असा आहे. पण पैसा मंजूर होणं आणि पोराला वेळेवर मिळणं या दोन गोष्टी आहेत. माझी पदवीच्या शेवटच्या वर्षाची स्कॉलरशिप मी पास होऊन बाहेर पडल्यावर उचलली. तोवर वर्षभर मेसचं बिल आईनं फेडलं. अशी घरं तुमच्या वस्तीत मोजा. बोटं पुरणार नाहीत.

१७ जानेवारी २०१६ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्यानं मागं ठेवलेल्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशोब आहे, एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये. ते आपल्या घरच्यांना मिळावेत एवढी सोय त्यानं मरताना लिहून ठेवली. उशीर म्हणजे काय, ते त्या ओळीत आहे.

आणि २०२२ साली परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या नियमांत एक कलम घातलं गेलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारतावरचा सामाजिक अभ्यास, हे विषय घेऊन जाणाऱ्याला पैसा मिळणार नाही. याच नियमानं १९१३चा फॉर्म तपासला असता तर जातीवर निबंध लिहिणाऱ्या त्या पोराचा अर्ज खिडकीवरच परत आला असता. यंत्रं शिका, तुमची जात कशी झाली ते शिकू नका, असा त्या कलमाचा अर्थ मी लावतो. २०२५ साली आपल्याच राज्यात सामाजिक न्याय विभागाचा चारशे कोटींच्या वरचा निधी दुसऱ्या योजनेकडे वळवला, अशी तक्रार त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीरपणे केली. आंध्र आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ साली उपयोजनेच्या पैशासाठी कायदे केले. महाराष्ट्रात तसा कायदा व्हावा म्हणून चळवळ वर्षानुवर्षे मागणी करते आहे.

म्हणून माझं सांगणं थोडक्यात. जयंतीला डीजे लावणाऱ्या मंडळांवर मी चिडत बसत नाही. पण प्रत्येक मंडळात दोन पोरं अशी हवीत की ज्यांना जी. आर. वाचता येतो. जूनमध्ये वस्तीतल्या पोरांचे फॉर्म बसून भरून द्या. आईबाप दाखल्यांसाठी हेलपाटे मारतात, त्यांच्याबरोबर तहसीलला जा. डिसेंबरात समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि तीनच गोष्टी विचारा. आपल्या जिल्ह्यात किती अर्ज मंजूर झाले? पैसा कोणत्या तारखेला कुणाच्या खात्यात गेला? गेल्या ३१ मार्चला किती रक्कम परत गेली? जे उत्तर येईल ते विहाराच्या भिंतीवर चिकटवा. कॉलेज फीसाठी हॉल तिकीट अडवत असेल तर एकट्या पोराला खिडकीशी पाठवू नका, दहा जण जा आणि लेखी मागा. आयटीआयला, शिकाऊ उमेदवारीला आपल्या किती जागा होत्या आणि किती भरल्या, हेही विचारा. ते तर कुणीच विचारत नाही.

धारवाडच्या त्या पोरानं अर्ज केला तेव्हा त्याच्यामागं कुणी नव्हतं. तुमच्यामागं एवढी पानं आहेत. पुढच्या वेळी कुणी जावई म्हणालं तर मान वर करून त्याला रमण्याचा हिशोब सांगा, आणि मग आपला थकलेला हप्ता मागायला खिडकीशी जा.

जय भीम.